खोट्या विस्तवाची शाळा

त्या जगात वारा नव्हता. जमीनही नव्हती म्हणा ना. नुसता निळसर करडा अंधार, आणि त्याच्या मधोमध, माझ्या नाकासमोर, एक लोखंडी प्लेट आपली तरंगत असायची. हातातल्या रॉडचं टोक तिच्याजवळ नेलं की तिथे एवढुसा सूर्य उगवायचा. कानात कढईत भजी सोडल्यासारखी चरचर सुरू व्हायची. लोखंड वितळायचं, त्याचं चमकतं डबकं हळूहळू पुढे सरकायचं आणि मागे एकावर एक खवले चढत जायचे. चटका नाही, धूर नाही, वास नाही. कितीही वेळ राहा. तिथून बाहेर आलं की वर्गातले पंखे, बाकं, पोट्ट्यांचे घामट शर्ट हे सगळं मला जरा जास्तच झगझगीत वाटायचं आणि थोडा रागही यायचा. गाढ झोपेतून कोणी हलवून उठवलं की येतो तसा.

हे जग अमरावतीच्या आमच्या आयटीआयमध्ये, वेल्डिंगच्या वर्कशॉपला लागून असलेल्या एका खोलीत होतं. सिम्युलेटर त्याचं नाव. वेल्डर तोंडावर घेतात तसाच मुखवटा, पण काचेच्या जागी आत पडदा. हातात खोटा होल्डर, त्यात खोटा रॉड. डोकं वळवाल तसं आतलं जग वळतं, आणि आतल्याला काय दिसतंय ते बाहेरच्यांना भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दिसतं. त्या खोलीला एसी होता, दाराला कुलूप होतं, आणि रोज संध्याकाळी मशीनवर पांढरी चादर पांघरली जायची. आमचे सर त्याला जावई म्हणायचे. "जावयाले उठवा," म्हणायचे, "अन् चपला बाहेर काढा, नाहीतर रुसते तो." सरांची हयात खऱ्या ठिणग्यांत गेली होती, पण या मशीनशी त्यांचं वैर नव्हतं. चेष्टा मात्र रोज चालायची.

वेल्डरच्या ट्रेडला मी एकटीच मुलगी. काहून, असं मला आजही कोणी ना कोणी विचारतं. पोट्ट्यांना कोणी विचारत नाही. मला ते आवडलं म्हणून, एवढंच उत्तर आहे. ते पुरत नसेल तर विचारणाऱ्यानं आपलं घरी जावं.

बाळापूरजवळ आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, वांगी, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्या लोकांसाठी सांगून ठेवते. फुलं अकोल्याच्या बाजारात जायची, भाजी बाळापुरातच खपायची. फाट्यावर एक वेल्डिंगचं दुकान होतं. लहानपणी आईचं बोट धरून तिथून जाताना निळा उजेड भिंतीवर नाचत असायचा आणि आई पदरानं माझे डोळे झाकायची. पदर पातळ होता. मला त्यातून दिसायचं.

त्या दुकानातल्या माणसाचे डोळे कायम पाण्यानं भरलेले असायचे आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डाग होते. बारावी झाल्यावर मी वेल्डिंगचं नाव काढलं तेव्हा आईच्या डोळ्यांसमोर तोच माणूस येऊन उभा राहिला असणार. नातेवाइकांनी लग्नाचा विषय काढला, पोरीच्या अंगावर डाग पडले तर काय, वगैरे. आईनं ते उडवून लावलं.

"लग्नाचं मले काही नाही," ती म्हणाली. "करन कोणीतरी. मले तुह्या हाताचं हाय. तुले फुलात वाढवलं आमी."

बाबा तिथेच बसून सुतळी वळत होते. बाबांचं मत आईच्या मताला ओलांडून कधी गेलं नाही, त्या दिवशीही गेलं नाही. मग मी आईला मोबाइलवर सिम्युलेटरचा व्हिडिओ दाखवला.

"हे पाह्य आई. विस्तव खोटा हाय. आधी समदं यातच शिकवतेत. पोळायचा सवालच नाही."

"अन् मंग?"

"मंग खरा. पण तोवर हात बसलेला राह्यते."

तिनं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मोबाइल लांब धरून, मान तिरकी करून पाहिला. मग म्हणाली, "एक चटका. एक जरी बसला, त वापस. मंग बोलणं नाही अन् रडणं नाही." मी हो म्हणाले. आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द. आई भाव ठरवतानाही बोललेला आकडा फिरवत नाही, तर हे काय फिरवणार.

असं माझं शिक्षण सुरू झालं. थिअरी मोबाइलच्या ॲपमध्ये असायची, धड्यामागून धडे आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न. सुट्टीला घरी आले की मळ्यात नेटवर्क फक्त विहिरीच्या काठाशी मिळायचं. तिथे उभं राहून धडा उतरवून घ्यायचा, एक वायर कानात घालायची आणि झेंडू तोडायला लागायचं. आतली बाई फार शुद्ध बोलायची. "आता आपण विद्युत कंसाची लांबी म्हणजे काय ते समजून घेऊ." आर्कला, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या त्या उजेडाला, विद्युत कंस म्हणणारी दुनियेत ती एकटीच. वर्कशॉपमध्ये मी असं बोलले असते तर पोट्ट्यांनी मला जगू दिलं नसतं.

ती प्रश्न विचारायची, मी उत्तर दाबायची, आणि ती म्हणायची, "चूक. पुन्हा प्रयत्न करा."

"काय चूक हाय त्यात? तूच त सांगतलं होतं."

दोन ओळी पलीकडून आईचा आवाज यायचा. "कोणासंगं भांडून राहिली वं?"

"मास्तरीण हाय."

"मास्तरणीसंगं असं बोलते? शेण खाल्लं काय तोंडानं?"

मास्तरीण बिचारी शांतपणे तोच प्रश्न पुन्हा विचारायची. दवानं झेंडू ओले असायचे, बोटं पिवळी व्हायची, आणि कानात ती सांगत असायची की वितळलेल्या धातूवरून नजर हटवू नका. मी फुलाकडे बघत राहायची. पाकळीवर पाकळी चढलेली, कड जराशी मुडपलेली. मला तिथेही वेल्डिंगचे टाके दिसायचे. टोपली भरायला उशीर व्हायचा आणि आई म्हणायची, पोट्टीचं ध्यान कुठं उडून जाते कोण जाणे.

सुट्टी संपली की बसनं परत. बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. डोकं खिडकीला टेकवून डोळे मिटले की तो करडा अंधार आपोआप यायचा. मी शेतांच्या बांधांवर टाके मारत निघायची. मग रस्त्याच्या कडेवर. मग लांब, जिथे काळी जमीन आणि आभाळ एकमेकांना लागतात, तिथे एक सलग रेघ, न थांबता, हात न हलवता. कधी वाटायचं बस पुढे जात नाहीये, मीच ते सगळं जोडत जोडत मागे सारते आहे. बडनेरा आलं की कंडक्टर ओरडायचा आणि रेघ तुटायची. झोप होती की जाग, मला आजही सांगता येत नाही. त्या तीन-चार महिन्यांतला माझा पुष्कळसा काळ असाच गेला. सुखी होते मी. इतकी सुखी मी त्याआधी कधी नव्हते.

जावयाशी माझं छान जमलं. तो टाका पूर्ण झाला की मार्क द्यायचा. वेग बरोबर, कोन बरोबर, अंतर बरोबर, सगळं हिरवं. पोट्ट्यांचं तांबडं-पिवळं यायचं आणि ते म्हणायचे, हिचं काय बाप्पा, ही जावयाची लाडकी. म्हणू दे. टाका झाल्यावर एक शेवटचं काम असायचं, तपासणी. डाव्या हातात एक लहानसा रिमोट, त्याचं बटण दाबलं की आतला हात प्लेट उचलायचा आणि डोळ्यांजवळ आणायचा. भोक राहिलं का, काठ जास्त वितळून खाल्ला गेला का, वळवून वळवून बघायचं. त्याचेही मार्क होते. कातडी ग्लोव्हमधून ते बटण नीट दाबलं जात नसे, म्हणून आम्ही सगळेच डाव्या हातातला ग्लोव्ह काढून ठेवायचो. सर ओरडायचे. आम्ही घालायचो आणि त्यांची पाठ वळली की पुन्हा काढायचो.

दिवाळीच्या थोडं आधी आम्हाला वर्कशॉपमध्ये, खऱ्या विस्तवाच्या बूथमध्ये नेलं. मला भीती वाटली नाही, उलट मी पहिल्या नंबरला उभी राहिले. काळी काच तोंडासमोर घेतली, रॉड घासला, आणि तो प्लेटला चिकटला. पोट्टे हसले. पुन्हा घासला, पुन्हा चिकटला. जावयाकडे रॉड कधी इतका हट्टी नव्हता. आणि वास! धुराचा, लोखंडाचा, कातडी एप्रनचा, माझ्याच घामाचा. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी आर्क धरला. काचेआड सगळं काळं झालं, तो सूर्य उगवला, आणि मी पुन्हा माझ्या जगात गेले. तोच अंधार. तेच डबकं, फक्त अधिक जिवंत, जरा अंगावर येणारं. मी रेघ शेवटापर्यंत नेली. काच खाली घेतली, हातोडीनं वरची खपली उडवली, आणि खाली खवल्यांची रेघ इतकी सरळ होती की मला हसू आलं.

मग मी डाव्या हातातला ग्लोव्ह काढला आणि प्लेट उचलली.

चर्र आवाज आला. तो कशाचा ते कळायला मला एक क्षण लागला. प्लेट खाली पडली आणि सरांनी माझं मनगट धरून मला नळाखाली ओढत नेलं. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, प्लेट लाल नव्हती. काळी होती, थंड दिसत होती, रोज उचलते तशीच होती.

"लाल असते तवा कोणी हात लावत नाही, पोरी," सर म्हणाले. "काळं झालं का लावतेत." मग त्यांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या, मग जावयाला घातल्या, मग स्वतःलाही घातल्या. बाकीच्यांपैकी कोणी हसलं नाही. एकाचा डावा ग्लोव्ह काढून झालेला होता, तो त्यानं मुकाट्यानं पुन्हा चढवला.

तळहाताचं दुखणं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की संपलं. एक चटका. डॉक्टर पट्टी बांधत होते आणि मी ढसाढसा रडत होते. त्यांना वाटलं दुखतंय. सांगून त्यांना काय कळणार होतं.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. सगळं घर झेंडूत असतं. मी घरी पोचले तेव्हा आई फुलांच्या ढिगाशी बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पट्टीकडे. हातातला दोरा तिनं खाली ठेवला.

"तू म्हणे खोटा विस्तव हाय."

"खोटाच होता."

"मंग हे काय हाय?"

मी सगळं सांगितलं. बटण, ग्लोव्ह, काळी प्लेट. आई ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, मीही ओरडले असते. ती ओरडली नाही. ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ज्याले गरम काय अन् थंड काय तेच कळेनासं झालं, त्यानं विस्तवापाशी जाऊ नये बाई. मी पोळल्याचं नाही म्हणत. चूल पेटवते ते पोळतेच. तुले कळलंच नाही, त्याचं मले भेव वाटते." मग माझा हात मांडीवर घेऊन ती बसून राहिली. तिचे डोळे भरले होते. ती बरोबर होती.

दिवाळीत मी एका हातानं जमेल ते केलं. झेंडूच्या ओळी रिकाम्या झाल्या. बाहेर फटाके वाजत होते आणि मला सारखी ती शांत खोली आठवत होती. भाऊबीज झाली आणि आई म्हणाली, "चाल. सामान घेऊन येऊ तुवालं."

अमरावती तिला माहीत होती ती रिद्धपूरच्या यात्रेला जाताना बसच्या खिडकीतून दिसते तेवढी. आयटीआयच्या फाटकातून आत शिरताना तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. सर वर्कशॉपच्या दारातच भेटले.

"पोरीले न्याले आली मी," आई म्हणाली.

मला वाटलं सर समजावतील, निदान माझ्या टाक्यांचं कौतुक तरी करतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. "न्या ना ताई," ते म्हणाले. "पोरगी तुमची हाय. पण आल्या त पाहून जा, कायच्या मागं लागली होती ते." आणि त्यांनी खोलीचं कुलूप काढलं.

मशीनवरची चादर सरांनी स्वतः काढली. मुखवटा घालायचा म्हणजे पदर मागे घ्यावा लागणार, तेव्हा सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी आईच्या डोक्यावर मुखवटा नीट बसवला, पट्टा आवळला. तिचे केस मागून पांढरे झालेले मला तेव्हा पहिल्यांदा इतक्या जवळून दिसले. तिच्या उजव्या हातात होल्डर दिला आणि मागे उभी राहून त्यावर माझा हात ठेवला. भिंतीवरच्या स्क्रीनवर अंधार आला, त्यात प्लेट आली.

आईनं मान हळूच इकडेतिकडे वळवली. मग म्हणाली, "किती सामसूम हाय इथं."

"हो."

"तू इथं राह्यत होती?"

"हो आई."

मी तिचा हात पुढे नेला. सूर्य उगवला तेव्हा ती थोडी दचकली, मग तिचा खांदा माझ्या छातीशी सैल पडला. आम्ही दोघी चालायला लागलो. तिचा हात माझ्या हातात, होल्डर तिच्या हातात, आणि समोर डबकं हळूहळू सरकत होतं. पदराला शेवंतीचा वास होता. वेळ किती गेला असेल मला ठाऊक नाही. मला वाटत होतं ही रेघ संपूच नये. प्लेट संपली की आपल्याला सामान बांधायचं आहे, हे मी विसरलेही नव्हते आणि मला ते आठवतही नव्हतं.

प्लेट संपली. उजेड विझला. खवल्यांची रेघ आधी पिवळी, मग शेंदरी, मग काळी झाली.

"झ्याक दिसते वं," आई म्हणाली, आणि तिनं डावा हात पुढे केला. कोणतीही वस्तू बोटांनी चाचपल्याशिवाय तिला दिसतच नाही. वांगं असो, लुगडं असो, कोणाचं तान्हं लेकरू असो. तिची बोटं रिकाम्या हवेत त्या रेघेच्या दिशेनं गेली.

"हात काढ! गरम हाय ते!"

माझा आवाज वर्कशॉपपर्यंत गेला असावा. मी तिचं मनगट पकडून मागे खेचलं होतं, माझ्या भाजलेल्याच हातानं, इतक्या जोरात की नव्यानं धरलेली कातडी उलली आणि पट्टी ओली झाली. समोर काहीच नव्हतं. टेबल होतं, एसीचा गार वारा होता.

सर वळून बघत होते. आईनं दुसऱ्या हातानं मुखवटा वर केला. तिचे डोळे उजेडात बारीक झाले होते. तिनं आधी समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. मी ते अजून सोडलं नव्हतं.

"खोटं होतं ना ते?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग काहून ओढला माहा हात?"

मी रडत होते. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली, पट्टी उलगडली, तळहात पाहिला आणि स्वच्छ बाजू आत घेऊन पुन्हा बांधली. गाठ मारायला तिला बराच वेळ लागला. मग पदर डोक्यावर घेऊन ती सरांकडे वळली.

"सर, बडनेऱ्यावरून अकोल्याची गाडी कवा हाय?"

"दुपारची भेटन की ताई. पण सामान घेऊन दोघींची धावपळ होईन."

"दोघींची नाही," आई म्हणाली. "मी माह्या एकटीचं इचारून राहिली."